गळलेलं पाणी कोणाचं?

आपल्या मंडळात डॉक्टर आहेत, आयटीवाले तर पायलीचे पन्नास आहेत, दोन-तीन वकील आहेत, आणि दिवाळीला ऑर्डरप्रमाणे चकल्या-कडबोळी करून देणाऱ्या उद्योजिकाही आहेत. 'गळतीवाली' मात्र मी एकटीच. इंग्लंडमधल्या एका पाणी कंपनीच्या गळती विभागात मी बावीस वर्षं नोकरी केली. गणपतीच्या पंगतीत नव्याने ओळख झालेलं कोणी विचारतं, "तुम्ही काय करता?" मी सांगते, "जमिनीखालचे पाइप कुठे गळतात ते शोधते." समोरची व्यक्ती क्षणभर थांबते आणि मग हमखास म्हणते, "आमच्या बाथरूमचा नळही जरा ठिबकतोय हो!"

त्याला वॉशर बदला असं सांगून मी मोकळी होते. पण या नोकरीने माझ्या मागे एक प्रश्न लावून दिला आहे, आणि तो वॉशर बदलून सुटणारा नाही. संपादकांनी यंदा "काहीतरी लिहाच" म्हणून गळ घातली, तेव्हा तोच तुमच्यापुढे ठेवावा म्हटलं. प्रश्न असा: पाइपमधून गळून गेलेलं पाणी कोणाचं? कंपनीचं? बिल भरणाऱ्याचं? जमिनीत मुरलं म्हणजे जमिनीचं? की कोणाचंच नाही? वरवर पाहता हा लहान मुलाने विचारावा तसा प्रश्न वाटतो. पण त्याच्या उत्तरावर नवी धरणं बांधायची की नाहीत आणि गावं उठवायची की नाहीत, हे ठरत असतं.

आधी थोडा हिशेब. शुद्धीकरण केंद्रातून जेवढं पाणी बाहेर पडतं आणि जेवढ्या पाण्याचं बिल निघतं, त्यातल्या फरकाला आमच्या धंद्यात 'नॉन रेव्हेन्यू वॉटर' म्हणतात, म्हणजे ज्याचा पैसा हाती येत नाही असं पाणी. त्यात तीन गोष्टी एकत्र असतात. पहिली म्हणजे खरोखर गळून जमिनीत जाणारं पाणी. दुसरी म्हणजे चोरलेलं किंवा जुनाट मीटरने कमी मोजलेलं पाणी. हे कोणीतरी वापरतंच, फक्त वहीत येत नाही. तिसरी म्हणजे आगीच्या बंबासाठी, पाइप धुण्यासाठी वगैरे परवानगीने पण बिलाशिवाय दिलेलं पाणी. वहीच्या दृष्टीने तिन्ही तोटाच. नीतीच्या दृष्टीने मात्र तिन्ही अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, त्याकडे पुढे येतेच.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून रोज सुमारे ३०० कोटी लिटर पाणी गळून जातं. पाइपमध्ये सोडलेल्या पाण्याचा हा साधारण पाचवा हिस्सा. आपल्या मुंबईला रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी दिलं जातं आणि त्यातलं किती वहीत येत नाही याचे महापालिकेचेच अंदाज पाव हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत गेलेले आहेत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे प्रकार उलटा आहे. आडात पाणी आहे, पोहराच फुटका आहे. आणि पोहरा फुटका असताना आपण आड आणखी खोल खणायच्या गोष्टी करतो.

गळती शोधायचं काम रात्री चालतं. पहाटे दोन ते चारच्या सुमारास गाव झोपलेलं असतं, नळ बंद असतात. तरीही त्या भागाच्या मीटरवर पाणी धावताना दिसलं, तर त्यातलं बरंचसं गळतीचं असणार हे उघड आहे. मग माणसं बाहेर पडतात. आता ध्वनी टिपणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आहेत, पण जुन्या पद्धतीची लांब काठीही अजून वापरतात. तिचं एक टोक झडपेवर टेकवायचं आणि दुसरं कानाला लावायचं. डॉक्टरचा स्टेथोस्कोपच म्हणा ना! गळणारा पाइप बारीक सूं-सूं आवाज करतो. कान तयार झाला की तो आवाज आणि लांबवरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज यांतला फरक कळायला लागतो.

या कामात एक गोष्ट पहिल्या वर्षीच कळते. रस्ता फोडून कारंजं उडालं की टीव्हीवाले येतात, रहदारी अडते, लोक संतापतात. पण ते काही तासांत बुजवलं जातं. समजा, अशा फुटीतून सेकंदाला २० लिटर पाणी सहा तास वाहिलं, तर ४ लाख ३२ हजार लिटर वाया गेलं. आणि कुठेतरी एका सांध्यातून मिनिटाला फक्त एक लिटर पाणी वर्षभर गुपचूप झिरपत राहिलं, तर ५ लाख २५ हजार लिटरच्या वर गेलं! दिवसाला १,४४० लिटर. भारतात शहरी माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावं असं सरकारी मानक आहे. म्हणजे त्या एका सांध्यात दहा माणसांचं पाणी रोज मुरतंय आणि वर रस्ता कोरडा ठणठणीत आहे. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण शाळेत शिकलो. थेंबे थेंबे तळे आटतेही, हे मला पगार देऊन कोणीतरी शिकवलं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. सगळी गळती थांबवता येते का? नाही. हजारो किलोमीटर पाइप, लाखो सांधे, वरून जाणारी वाहनं, उन्हाळ्यात आकसणारी आणि थंडीत हलणारी जमीन; लंडनखाली तर व्हिक्टोरिया राणीच्या काळातले ओतीव लोखंडी पाइप अजून आहेत. मोठ्या गळत्या स्वस्तात सापडतात. जसजशा बारीक उरतात, तसतसा एकेक लिटर वाचवायचा खर्च वाढत जातो. एक वेळ अशी येते की पुढचा लिटर वाचवण्यापेक्षा नवा लिटर नदीतून उचलून शुद्ध करणं स्वस्त पडतं. तिथे थांबावं, असं अर्थशास्त्र सांगतं. या बिंदूला इथे 'इकॉनॉमिक लेव्हल ऑफ लीकेज' असं नाव आहे. मी त्याला मराठीत 'परवडणारी गळती' म्हणते.

या कल्पनेला हसू नका, ती मूर्खपणाची नाही. गळतीवर केलेला प्रत्येक पौंड शेवटी ग्राहकाच्याच बिलातून येतो, आणि त्या ग्राहकांत पेन्शनवर जगणारी एकटी म्हातारीही असते. कोणतीही संस्था चालवताना कुठेतरी थांबावंच लागतं. पण माझ्या मनात खटकलं ते असं. १९९५ साली यॉर्कशरमध्ये दुष्काळ पडला, पश्चिम यॉर्कशरला कित्येक महिने टँकरने पाणी आणावं लागलं. (होय, टँकरने! आपल्याकडच्यांना खोटं वाटेल.) लोकांनी विचारलं, एवढं पाणी गळतंय आणि आम्हाला काटकसर शिकवता? त्या सुमारास देशातली गळती रोज ५०० कोटी लिटरच्या वर होती. १९९७ साली नव्या सरकारने कंपन्यांची बैठक बोलावली, गळतीची सक्तीची उद्दिष्टं ठरली, आणि पुढच्या काही वर्षांत गळती साधारण एक-तृतीयांशाने उतरली. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं. पण मग तो आकडा बरीच वर्षं तिथेच रेंगाळला. याचं एक मोठं कारण म्हणजे वहीप्रमाणे 'परवडणारी गळती' गाठली होती. पुढे जायचं कारणच उरलं नव्हतं.

माझी आजी तूप कढवायची. बेरी काढून झाल्यावरही कढईला तूप चिकटलेलं असायचं. चमच्याने निघेल तेवढं ती चमच्याने काढायची, मग बोटाने, आणि शेवटी कढईत गरम भात घालून उरलेलंही पुसून घ्यायची. तो भात खायला आम्हा भावंडांची भांडणं! आज माझ्या सुनेला मी तसं करायला सांगितलं तर ती म्हणेल, आई, तेवढ्यासाठी अर्धा तास कोण घालवणार, दुकानात तुपाचा डबा मिळतो. तिचंही बरोबर आहे. दोघींची 'परवडणारी गळती' वेगळी आहे, कारण दोघींना दिसणारं तूप वेगळं आहे. आजीला त्या तुपामागची गाय दिसायची, पहाटेची धार दिसायची, विरजण दिसायचं. सुनेला दिसतो डबा आणि त्यावरची किंमत. म्हणजे काय परवडतं हे फक्त गणिताने ठरत नाही. मागे किती दूरपर्यंत पाहतो, त्यावर ठरतं.

पाण्याच्या मागे पाहिलं तर काय दिसतं? हे मला दाखवलं माझ्या एका वेल्श सहकाऱ्याने. तो बाला गावाकडचा. त्याच्या भागात त्रवेरिन नावाच्या नदीच्या खोऱ्यात कापेल केलिन नावाचं छोटंसं वेल्शभाषक गाव होतं. प्रार्थनामंदिर, शाळा, पोस्ट आणि काही घरं. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. १९५७ साली पार्लमेंटने कायदा केला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नाही, तरीही झाला. १९६५ साली धरण सुरू झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. २००५ साली लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने वेल्सची जाहीर माफी मागितली. वेल्समध्ये आजही रस्त्याकडेच्या भिंतीवर 'त्रवेरिन विसरू नका' अशा अर्थाचे शब्द रंगवलेले दिसतात. एकदा परवडणाऱ्या गळतीचा तक्ता आमच्यासमोर होता. खर्चाचे रकाने, वाचवलेल्या लिटरचे रकाने, सगळं नीट मांडलेलं. हा सहकारी शांतपणे म्हणाला, "यात गाव बुडवल्याचा रकाना कुठे आहे?" कोणी काही बोललं नाही. पुढे या हिशेबात पर्यावरण आणि समाजावरचा भारही धरायला सुरुवात झाली, त्याला 'सस्टेनेबल' असं विशेषणही लागलं. पण एखाद्या गावाच्या देवळाची, शाळेची, बोलीची किंमत पौंडात किती लिहायची?

मला तेव्हा आठवली ती आमच्या मुलुंडची पाइपलाइन. तानसाहून मुंबईला येणारे ते अजस्र नळ आमच्या लहानपणी आमच्या जगाची हद्द होते. हे पाणी कुठून येतं असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. १८६० साली विहार तलावाचं पाणी मुंबईला मिळू लागलं. ते पुरेना म्हणून तुळशी, मग १८९२ साली तानसा, स्वातंत्र्यानंतर वैतरणा, मग ऊर्ध्व वैतरणा, मग भातसा, आणि २०१४ साली मध्य वैतरणा. दीडशे वर्षं शहर उत्तरेकडे हात लांबवत गेलं आहे. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत. आणि उन्हाळा आला की त्याच शहापूर तालुक्यातल्या अनेक गावांना, पाड्यांना टँकरने पाणी द्यावं लागतं ही बातमी मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येत आली आहे. धरण उशाला आणि कोरड घशाला! तिथल्या बाया हंडा घेऊन डोंगर उतरतात, आणि त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलेलं पाणी शंभर किलोमीटर प्रवास करून मुंबईच्या एखाद्या कुजलेल्या सांध्यातून गटारात जातं.

आता गारगाई धरणाची योजना गेली काही वर्षं चर्चेत आहे. त्यातून मुंबईला रोज ४४ कोटी लिटर पाणी मिळायचं आहे, आणि त्यासाठी तानसा अभयारण्यातलं जंगल आणि काही आदिवासी गावं द्यायची आहेत. आता वरचा आकडा पुन्हा पाहा. ३९० कोटींचा पाव हिस्सा म्हणजे सुमारे ९७ कोटी लिटर. मुंबईचं वहीबाहेरचं पाणी कमीत कमी धरलं तरी ते दोन गारगाईंहून जास्त आहे. ते सगळं जमिनीत मुरत नाही, काही भाग माणसंच पितात, हे मान्य. तरीही त्या गावच्या माणसाने विचारलं की "साहेब, आधी तुमचे नळ का नाही नीट करत?" तर त्याला काय उत्तर द्यायचं? गंमत म्हणजे अगदी हाच प्रश्न ऑक्सफर्डशरमधले सुखवस्तू इंग्रज विचारत आले आहेत. ॲबिंग्डनजवळ १५ कोटी घनमीटरचा जलाशय बांधायची योजना आहे. २०१० साली तिची जाहीर सुनावणी झाली, २०११ साली सरकारने ती नाकारली, आणि २०२४ साली मंजूर झालेल्या आराखड्यात ती पुन्हा आली. विरोधकांचं म्हणणं: आधी गळती थांबवा. पाड्यावरचा कातकरी आणि ऑक्सफर्डशरचा निवृत्त प्राध्यापक एकच वाक्य बोलत असतील, तर त्या वाक्यात काहीतरी तथ्य असलं पाहिजे. फरक एवढाच की प्राध्यापकाकडे वकील असतो.

माझं उत्तर आता सांगते. गळलेलं पाणी हे ज्याच्याकडून ते आणलं त्याचं आहे. दुसऱ्याच्या खोऱ्यातलं पाणी शहर आणतं तेव्हा ते विकत घेत नाही, ठेव म्हणून घेतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या एका निकालात म्हटलंच आहे की नद्यांसारख्या नैसर्गिक संपत्तीचं सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे. मालकाने आपली वस्तू सांडली तर तो फार तर निष्काळजी. विश्वस्ताने ठेव सांडली तर तो अप्रामाणिक. आणि आधीची ठेव सांभाळली नसताना त्याच दारात नवी ठेव मागायला जाणं याला आपल्या भाषेत चांगला शब्द नाही. शहराला नवं पाणी कधीच मागता येणार नाही असं मी म्हणत नाही. लोकसंख्या वाढते, पाऊस बेभरवशाचा झाला आहे. कदाचित सगळे नळ नीट करूनही धरण लागेल. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी दुरुस्ती, मग याचना.

इथे कोणी म्हणेल की तहान आज लागली आहे आणि पाइपांची दुरुस्ती वीस वर्षं चालणार. खरं आहे, पण धरणही उद्या सकाळी भरत नाही. त्याला मंजुरी, पैसा, बांधकाम यांत तेवढीच वर्षं जातात.

आता त्या चोरीच्या पाण्याकडे वळते. नाथांची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. आमच्या कंपनीच्या वहीत ते शंभर टक्के नॉन रेव्हेन्यू वॉटर झालं असतं! पण ते गळालं का? मुळीच नाही. पाण्याने जे करायचं तेच त्याने केलं. मुंबईत आमच्या पाइपलाइनच्या कडेलाच झोपड्या होत्या, आणि तिथल्या माणसाला अधिकृत नळ मिळणं सोपं नव्हतं. त्याने रात्री नळीला भोक पाडलं तर तो चोर, आणि त्याला आयुष्यभर नळ नाकारणारा मात्र नियमाने वागणारा! २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं की घर बेकायदा आहे म्हणून माणसाचं पाणी नाकारता येत नाही. इंग्लंडमध्येही १९९९ च्या कायद्यापासून बिल थकलं म्हणून घराचं पाणी तोडता येत नाही. अशा ठिकाणी भोक बुजवणं आणि नळ देणं ही दोन्ही कामं एकाच दिवशी व्हायला हवीत. नुसतं भोक बुजवणं म्हणजे गाढवाच्या तोंडातून कावड ओढून घेणं.

पण सगळेच चोर तहानलेले नसतात. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह. १९९३ साली तिथलं ७२ टक्के पाणी वहीबाहेर होतं. युद्धाने मोडलेलं शहर, फुटके पाइप, आणि कर्मचारीच बेकायदा जोडण्या विकणारे. त्या वर्षी एक सोन चान हे गृहस्थ पाणीपुरवठ्याचे प्रमुख झाले. ('एक' हे त्यांचं आडनाव, आपला आकडा नव्हे.) त्यांनी पाइप बदलले, सगळ्यांना मीटर लावले, चोरी कळवणाऱ्याला बक्षीस ठेवलं, लाच घेणाऱ्यांना घरी पाठवलं, आणि गरिबांना जोडणी स्वस्तात दिली. मीटरवरून एका बड्या सेनाधिकाऱ्याशी वाद झाला तेव्हा त्यांच्या डोक्याला पिस्तूल लावलं गेलं. ते परत फिरले, बंदोबस्त घेऊन पुन्हा गेले आणि त्याची जोडणी तोडलीच. दीड-दोन दशकांत तिथलं वहीबाहेरचं पाणी सहा टक्क्यांच्या आसपास आलं, लंडनच्या कितीतरी खाली! २००६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यांच्या धैर्याइतकाच त्यांचा विवेक आवडतो. वहीत दोघंही एकाच रकान्यात होते, पण गरिबाला त्यांनी नळ दिला आणि जनरलचा नळ तोडला.

मग हे सगळीकडे का होत नाही? पैसा, तंत्रज्ञान ही कारणं आहेतच, पण मला वाटतं खरं कारण आपल्या स्वभावात आहे. धरणाचं भूमिपूजन होतं, नारळ फुटतो, कोनशिला बसते. वैतरणेवरच्या धरणाच्या जलाशयाला मोडक या इंजिनिअरांचं नाव मिळालं, ते योग्यच झालं. पण ज्याने शंभर वर्षांचा सांधा चिखलात उभं राहून बदलला, त्याचं नाव कुठे कोरणार? आणि काय म्हणून कोरणार? 'येथे काहीही झाले नाही' म्हणून? राखण करणाऱ्याचं यश म्हणजे काही न घडणं, आणि काही न घडल्याच्या बातम्या होत नाहीत. फळाची अपेक्षा न ठेवता कर्म करावं हे आपण प्रवचनात ऐकतो. रात्री तीन वाजता कानाला काठी लावून उभ्या असलेल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येतं. लोकांना वाटतं, यामुळे काटकसर होते. होतं उलटंच. पाणी सोडताना-बंद करताना पाइपांना झटके बसतात, सांधे उसवतात, आणि नळ रिकामा असताना बाहेरची घाण आत ओढली जाते. शिवाय आपल्या घरांत काय होतं ते आठवा. सकाळी पाणी आलं की कालचं 'शिळं' पाणी मोरीत ओतायचं आणि ताजं भरायचं! पाणी शिळं होत नाही हो, आपला विश्वास शिळा झालेला असतो. उद्या येईल याची खात्री नसते म्हणून माणूस साठवतो, आणि आज आलं म्हणून साठवलेलं फेकतो. कऱ्हाडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाने २००९ च्या सुमारास प्रत्येक जोडणीला मीटर लावून चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात केली. जे मलकापूरला जमलं ते मोठ्या शहरांना जमू नये, याचं कारण निदान माहितीचा अभाव तरी नाही.

आपण इथे राहणारी माणसं यात काय करणार? फार नाही, पण थोडं आहे. आपल्यापैकी अनेकांचे मुंबई-ठाण्या-पुण्यात फ्लॅट आहेत आणि ते वर्षातले अकरा महिने बंद असतात. त्या बंद फ्लॅटमधली फ्लशची टाकी रात्रंदिवस झिरपत असते आणि मालक सात हजार किलोमीटरवर निवांत झोपलेला असतो. तेव्हा निघताना मुख्य झडप बंद करून या. सोसायटीच्या सभेला फोनवरून हजेरी लावत असाल, तर रंगकामाच्या बरोबरीने गच्चीवरच्या टाकीचा विषयही काढा. इथे रस्त्यावर ओल दिसली तर कंपनीला कळवा. एका फोनने दहा माणसांचं पाणी वाचू शकतं, हे वरच्या हिशेबात आलंच आहे.

आणि एवढं एक करा. कधीतरी गावाकडून फोन येईल. भाऊ किंवा वहिनी आनंदाने सांगतील, "अगं, नवीन धरण मंजूर झालं बरं का! आता पाण्याची काळजी मिटली." त्यांच्या आनंदावर विरजण घालू नका, पाण्यासाठी त्यांनी खूप सोसलं आहे. फक्त दोन गोष्टी विचारा: "जुन्या नळांचं काय ठरलं? आणि कोणाचं गाव जाणार आहे?" उत्तर लगेच मिळणार नाही. पण या दोन्ही गोष्टी एका दमात विचारणारी माणसं वाढली, तर त्या तक्त्यात कधीतरी तो हरवलेला रकाना काढावाच लागेल.